सोशिकपणाची शाबासकी नको, ओझ्याचा हिशेब द्या!

बहुजन समाजातील शेतकरी, कारागीर व मजूर बंधुभगिनींनो, आपल्या पाठीवर आजवर पुष्कळ काही पडले. सावकाराचे व्याज पडले, खोताची वसुली पडली, दुष्काळ पडला, पडेल भाव पडला. अलीकडे त्याच पाठीवर एक नवीन वस्तू पडू लागली आहे, ती म्हणजे शाबासकीची थाप. 'गरीब माणूस मोठा चिवट, मोठा सोशिक! गारपीट होवो, महापूर येवो, तो पुन्हा उभा राहतो', असे शहाणी मंडळी सभांतून व वर्तमानपत्रांतून म्हणत असतात. आणि जो उभा राहत नाही त्याजविषयी तीच मंडळी मान हलवून म्हणतात की, 'बिचाऱ्याचे मनोबल कमी पडले.' ह्या दोन्ही बोलण्यांत एकच लबाडी आहे. ती उघडी करून दाखवावी एवढ्याचकरिता आजचा हा लेख आहे.

ह्या गुणाला इंग्रजीत 'रेझिलिअन्स' म्हणतात. दाबले तरी उसळी मारून पुन्हा जागेवर येणे, असा त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ आहे. मराठीत त्याला कोणी चिवटपणा म्हणतात, कोणी तग धरण्याची शक्ती म्हणतात. आम्ही खेड्यातील प्राथमिक शाळेचे मास्तर. मराठी अध्यापक विद्यालयात शिकलेले. हा परदेशी पाहुणा आमच्याकडे तालुक्याच्या शिबिरांतून आला. तेथे पडद्यावर चित्रे दाखवून आम्हांस सांगण्यात येते की, संकट सर्वांवरच येते. काही मुले मोडतात, काही तरून जातात. फरक असतो तो मनात. सबब मुलांची मने कणखर करा. ऐकावयास किती गोड! परंतु पहिलेच वाक्य खोटे आहे. संकट सर्वांवर येत असेल, पण ते सर्वांवर सारखे येत नाही, आणि येऊन सर्वांकडे सारखे दिवस मुक्कामही करीत नाही. ज्याच्या घरी बारा महिन्यांचे धान्य आहे त्याच्याकडे संकट पाहुणा म्हणून येते. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही त्याच्याकडे ते घरजावई होऊन राहते.

हा शब्द मनाच्या शास्त्रात येण्यापूर्वी लाकूड-लोखंडाच्या शास्त्रात वापरला जात होता, ही गोष्ट आमच्या लोहार-सुतार बंधूंनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मालगाडीचा पाटा वजन पडले की वाकतो व वजन उतरले की पुन्हा जागेवर येतो. दोन टनांच्या पाट्यावर पाच टन माल भरला तर तो मोडतो. मोडल्यावर कोणता लोहार असे म्हणेल की, ह्या पाट्याच्या अंगी जिद्द नव्हती? तो पहिल्याने विचारील, माल किती भरला होता? भरला कोणी? मग जो न्याय लोखंडाला मिळतो तो माणसाला का मिळू नये? शिवाय पाटा सरळ होतो तो वजन उतरल्यावर. आमच्या लोकांच्या डोक्यावरील वजन उतरते केव्हा? बापाचे कर्ज मुलाच्या नावे चढते, मुलाचे नातवाच्या नावे. वजन खाली न उतरवता 'उसळी मार' म्हणणे ही शिकवण नव्हे, ही थट्टा आहे.

ही शिकवण नवी आहे असेही कोणी समजू नये. जुन्या काळी पोथीवाले सांगत, 'हे तुझ्या पूर्वजन्मीचे फळ आहे, मुकाट्याने भोग.' आता म्हणतात, 'हा तुझ्या मनोवृत्तीचा दोष आहे, ती सुधार.' पोथी बदलली, पुराणिक बदलला, दक्षिणेचे ताट बदलले. श्रोता तोच आणि त्याला मिळणारा प्रसादही तोच. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण तर आमच्या तोंडी लहानपणापासून बसवली आहे. पण वाचकहो, क्षणभर विचार करा. टाकी कोणाच्या हाती आहे हे दगडाने कधी विचारू नये काय? शंभर दगड फोडले जातात तेव्हा त्यांतल्या एकाचा देव होतो, बाकीच्यांची खडी होऊन रस्त्यावर पडते. आणि ज्या पाथरवटाने घाव घालून देव घडवला त्याच्याच जातभाईंना कित्येक देवळांच्या पायरीवरून हाकलून दिले जात होते! घावांमुळे देवपण येते हे खरे असते तर आज आमच्या वस्त्यांत देवांची दाटी झाली असती.

आता शास्त्राकडे वळू. आम्ही शास्त्राचे वैरी नाही. उलट, जे शास्त्र आमच्या डोक्यावर मारले जाते तेच नीट वाचले तर आमच्या बाजूने साक्ष देते, असे आमचे म्हणणे आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बालवाडीत वॉल्टर मिशेल ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात एक प्रयोग आरंभिला. चारएक वर्षांच्या मुलासमोर मार्शमॅलो नावाची मऊ गोड वडी किंवा तसलाच खाऊ ठेवावयाचा आणि सांगावयाचे की, मी बाहेर जाऊन येतो. तोवर ही खाल्ली नाहीस तर तुला दोन मिळतील. कोणी थांबले, कोणी खाल्ली. पुढे १९९० साली असे प्रसिद्ध झाले की, जी मुले अधिक वेळ थांबली होती ती मोठेपणी परीक्षांत अधिक चमकली. झाले! जगभर डांगोरा पिटला गेला की, ज्याच्या अंगी संयम तो तरला, ज्याच्या अंगी नाही तो बुडाला. गरिबाच्या गरिबीचे कारण सापडले: त्याच्या पोराला वडी पाहून धीर धरवत नाही!

परंतु ही मुले कोणाची होती? बहुतांशी त्याच विद्यापीठाच्या परिसरातील सुशिक्षित घरांतील. ज्यांच्या घरी खाऊचा डबा कधी रिकामा नव्हता त्यांच्यावरून माप काढले, आणि त्या मापाने साऱ्या जगातील उपाशी मुले मोजावयास घेतली. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच प्रयोगात एक साधा फरक केला. अठ्ठावीस मुले घेतली. त्यांपैकी निम्म्यांना आधी चित्रे रंगवावयास बसवले आणि सांगितले की, थांबा, चांगले रंग आणून देतो. नंतर हात हलवीत परत येऊन म्हटले की, रंग नाहीत. बाकीच्या निम्म्यांना कबूल केलेले रंग खरोखर आणून दिले. मग सर्वांपुढे वडी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरीने सुमारे बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले गेले होते ती सुमारे तीन मिनिटे. पूर्ण पंधरा मिनिटे थांबणारी मुले पहिल्या चौदांत नऊ निघाली, दुसऱ्या चौदांत अवघे एक. मुले तशीच, वडी तीच. फरक एवढाच की एकास मोठ्या माणसाच्या शब्दाचा भरवसा होता, दुसऱ्यास नव्हता.

पुढे २०१८ साली नऊशेंहून अधिक मुलांची माहिती घेऊन, त्यांच्या आईचे शिक्षण व घरची परिस्थिती ध्यानात धरून हिशेब मांडला गेला. तेव्हा वडीपुढे थांबण्याचा व पुढच्या यशाचा संबंध मुळातच निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती वजा घालताच त्याचाही सुमारे दोनतृतीयांश भाग नाहीसा झाला. म्हणजे संयम म्हणून जे मोजले त्यातील मोठा वाटा घरच्या भाकरीचा होता!

आम्हां मास्तरांना हे नवल वाटत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरे आम्ही वर्गात पाहिली आहेत. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, पोर त्यांच्याबरोबर जाते आणि उन्हाळा लागता परत येते. त्या पोराला 'सबुरीचे फळ गोड' हा पाठ कोणत्या तोंडाने शिकवावा? त्याच्या बापाला मुकादमाने हिशेब देतो म्हणून सांगितले, तो मिळाला नाही. पीक विमा येईल म्हणून सांगितले, तो आला नाही. शिष्यवृत्ती येईल म्हणून त्याच्याकडून अंगठे व कागद घेतले, ती वर्ष उलटल्यावर आली. असे पोर हातातली वडी लगेच तोंडात घालते, तर ते अधीर नाही. ते हुशार आहे. जग जसे अनुभवले तसे ते वागते. शब्द मोडणाऱ्याला कोणी तपासत नाही. शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्याला मात्र मनोदुर्बल ठरवतात, हा कोठला न्याय?

दुसरी साक्ष ऐका. १९६७ साली मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर ह्या दोघांनी कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना विजेचे असे धक्के दिले की ते काहीही करून थांबवता येत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवले की मधली आडकाठी ओलांडताच धक्क्यातून सुटका होईल. तरीही त्यांतील पुष्कळ कुत्री जागेवरच पडून विव्हळत राहिली. ह्यावरून 'शिकलेली असहायता' असा सिद्धांत निघाला आणि तो गोरगरिबांना लावणारेही निघाले: हे लोक हताश व्हावयास शिकले आहेत, सबब ह्यांना आशा शिकवा. परंतु त्याच दोघांनी २०१६ साली, जवळजवळ पन्नास वर्षांनी, मेंदूविषयीची नवी माहिती पाहून जाहीर केले की, आपला सिद्धांत उलटा होता. दीर्घकाळ यातना झाल्या की निपचित पडणे हे जिवाचे मूळचेच वागणे आहे. ते शिकावे लागत नाही. शिकावे लागते ते हे की, आपण काही केले तर फरक पडतो.

ह्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगतो. 'माझ्या हातात काही आहे' हे ज्ञान व्याख्यानाने येत नाही. हातात खरोखर काही असावे लागते. ज्याच्या कांद्याचा भाव दुसरा ठरवतो, ज्याच्या पाटाचे पाणी दुसरा सोडतो, ज्याची मजुरी दुसऱ्याच्या मर्जीवर लटकते, त्याला तीन तासांच्या शिबिरात 'तुमच्या हाती सर्व आहे' म्हणून सांगणे म्हणजे दावणीच्या बैलाला स्वातंत्र्यावर प्रवचन देणे होय. आधी दावे सोडा, मग बैल चालतो की नाही ते पाहा.

तिसरी साक्ष आपल्याच देशाची आणि आपल्याच धंद्यातील आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धी एकदा तोडणीपूर्वी, हात तंगीत असताना, आणि पुन्हा तोडणीनंतर, पैसा हाती आल्यावर तपासली गेली. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. तोच शेतकरी तंगीच्या दिवसांत कोडी सोडवण्यात मागे पडला आणि पैसा आल्यावर पुढे सरकला, असे त्यात आढळले. डोके तेच होते. फक्त त्यातली उसनवारीची आकडेमोड संपली होती. ज्याचे जळते त्याला कळते. आमच्या मायबहिणींना हे सांगावयास विद्यापीठ नको. वाण्याची उधारी, पोराचे औषध आणि गॅसची टाकी ह्यांचा मेळ घालता घालता माणूस दुसरे काय विचार करणार?

आता चौथी साक्ष, आणि ही सर्वांत कडू आहे. कोणी म्हणेल, 'ते काही असो. पण जो जिद्दीने झुंजतो तो वर येतो ना?' होय, कित्येक वर येतात. पण त्याची किंमत कोठे वसूल होते ते पाहा. अमेरिकेत काळ्या लोकांत जॉन हेन्री नावाच्या मजुराची कथा सांगतात. रेल्वेच्या बोगद्यात हातोड्याने खडक फोडणारा हा वीर वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, यंत्राला हरवतो आणि हातोडा हातात असतानाच मरून पडतो. पुढे शर्मन जेम्स ह्या संशोधकाला नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक वृद्ध काळा शेतकरी भेटला. योगायोग असा की त्याचेही नाव जॉन हेन्रीच. १९०७ साली अत्यंत दरिद्री कुळात जन्मलेला, शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबता राबता ह्या माणसाने स्वतः लिहावाचावयास शिकून पंचाहत्तर एकर जमीन आपल्या नावे केली आणि चाळीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज पाच वर्षांत फेडले. शिबिरातील वक्त्याने पडद्यावर दाखवावा असा पुरुष! परंतु पन्नाशी उलटेपर्यंत त्याला रक्तदाब जडला, सांधे धरले, आणि पोटात व्रण होऊन जठराचा चाळीस टक्के भाग कापून काढावा लागला. जेम्स ह्यांनी १९८३ साली दाखवले की, ज्यांच्याकडे शिक्षण कमी पण झुंज मोठी, अशा काळ्या पुरुषांत रक्तदाब सर्वांत जास्त होता. नंतरच्या सर्वच तपासण्यांत हे सारखेच दिसले असे नाही. पण २०१५ साली जॉर्जिया राज्यातील खेड्यांतल्या काळ्या तरुणांविषयी तसलीच गोष्ट पुढे आली. गरीब घरातील जी मुले स्वतःवर कडक ताबा ठेवून शिकली-सवरली, व्यसनांपासून दूर राहिली, त्यांच्या शरीरातील पेशी त्यांच्या वयाच्या मानाने लवकर म्हाताऱ्या होत होत्या. सुखवस्तू घरांतील संयमी मुलांत असे नव्हते. त्यांच्यात गोष्ट उलट होती. गुण एकच. एकाला तो फळला, दुसऱ्याच्या रक्तातून त्याने व्याज घेतले.

अमेरिकेपर्यंत जावयास नको. आमची ऊसतोडणी करणारी बहीण चिवट नाही असे कोण म्हणेल? पहाटे उठून कोयता धरते, मोळ्या वाहते, रात्री पालात चूल पेटवते. एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा पडतो व पैसे कापले जातात. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दुखणे झाले तर विश्रांती नाही, पाळी आली तर आडोसा नाही. मग रोगाचे मूळच कापून टाका आणि पुन्हा फडात उभ्या राहा! ह्याला जर कोणी सोशिकपणा म्हणून हार घालणार असेल तर त्याने तो हार स्वतःच्या गळ्यात घालून एक हंगाम फडात काढावा.

आणखी एक गोष्ट पाहा. ही मंडळी कोणत्या वागण्याला चिवटपणा म्हणतात? निमूट सोसण्याला. श्रीमंताच्या मुलाने तीन वेळा धंदा बुडवून चौथ्यांदा काढला की तो जिद्दी. मजुराच्या मुलाने दुसऱ्यांदा परीक्षेला बसतो म्हटले की तो बापाचे पैसे उडवणारा. मजूर कमी पैशात राबला की कष्टाळू. पूर्ण मजुरी मागून बसला की माजलेला. आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. सहा वर्षे! पोटाला चिमटे घेतले, लाकूडफाटा विकला, पण नांगर धरला नाही. तग धरण्याचे ह्याहून मोठे उदाहरण कोठे शोधावे? परंतु जी माणसे चिवटपणाच्या शिबिरांत आमच्यापुढे उभी राहतात त्यांच्या तोंडी चरीचे नाव आम्ही एकदाही ऐकले नाही. कारण त्यांना हवा तो चिवटपणा ओझे वाहणारा. ओझे फेकून देणारा चिवटपणा त्यांच्या मापात बसत नाही.

येथे कोणी सज्जन विचारील की, मग माणसाच्या मनाला काहीच किंमत नाही काय? आहे, जरूर आहे. पण मन हे बी आहे आणि परिस्थिती ही जमीन आहे, हे शेतकऱ्याला तरी सांगावयास नको. हवाई बेटांपैकी काउआई ह्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर ह्या विदुषीने कित्येक दशके नजर ठेवली. त्यांतील सुमारे एकतृतीयांश मुले गरिबी, आईबापांचे आजार, घरातील भांडणे अशा अनेक संकटांत सापडलेली होती. अशा मुलांपैकीही एकतृतीयांश चांगली निपजली. ह्या एकतृतीयांशाचा गजर सर्वत्र होतो. बाकीच्या दोनतृतीयांशांचे नाव कोणी काढीत नाही! बरे, जी तरली ती कशाने तरली? त्यांच्या स्वभावाचा वाटा होता. परंतु त्याबरोबर त्यांच्यापाशी जीव लावणारे एखादे तरी खंबीर माणूस होते: आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक. आणि जी मुले आधी घसरली होती त्यांतीलही पुष्कळ, पुढे शिक्षणाची किंवा नोकरीची दुसरी संधी मिळताच सावरली. म्हणजे तग धरण्याची शक्ती दोघांच्या मध्ये तयार होते. एकट्याच्या छातीत ती जन्मतः भरलेली नसते.

ही गोष्ट राजर्षी शाहू छत्रपतींना कोणत्याही मानसशास्त्राच्या ग्रंथावाचून उमजली होती. त्यांनी बहुजनांच्या मुलांना मन घट्ट करा म्हणून उपदेश केला नाही. १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढले, मग एकामागून एक जातीजमातींसाठी वसतिगृहे उभी केली. १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. डॉ. आंबेडकरांच्या जिद्दीला जगात तोड नाही; पण १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती नसती तर ती जिद्द न्यूयॉर्कच्या बोटीचे भाडे कोठून देती? जिद्द त्यांची होतीच. तिला वाट मोकळी करून देणारे कोणी होते, एवढेच आम्ही सांगतो.

ओझे उतरवले की काय होते ह्याचाही पुरावा आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ मुलखात १९९३ पासून १,४२० मुलांच्या मनःस्थितीची तपासणी चालू होती. त्यांतील सुमारे चौथा हिस्सा मुले मूळच्या अमेरिकी आदिवासी जमातीची होती. पुढे तेथील चेरोकी जमातीच्या जमिनीवर जुगारगृह निघाले आणि त्याच्या नफ्यातून जमातीतील प्रत्येकाला वाटा मिळू लागला. जुगार वाईट, हे आम्ही जाणतो. पण परिणाम पाहा. ज्यांची घरे दारिद्र्यातून वर निघाली त्या मुलांतील भांडखोरपणा व बेशिस्त चार वर्षांत कमी होऊन, कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली. खिन्नता व चिंता मात्र तेवढी हटली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण बेशिस्त कशाने गेली? मुख्यतः आईबापांना मुलांवर नजर ठेवावयास फुरसत मिळाली म्हणून. ना शिबिर, ना व्याख्यान! २००३ साली हे प्रसिद्ध झाले. त्या मुलांना आदल्या वर्षापर्यंत काय म्हणत असतील? वाया गेलेली, संस्कार नसलेली! आमच्या वर्गातील मागच्या बाकावरच्या पोरांना जे म्हणतात तेच.

आता आपल्या शिवारात या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात देशात शेतीवर पोट असलेल्या ११,२९० जणांनी जीव दिला. त्यांत ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातील. देशभरच्या त्या आकड्यात शेतमजुरांची संख्या जमीन कसणाऱ्यांहूनही अधिक होती. ज्या घरात अशी गोष्ट घडते तेथे समुपदेशक यावा, डॉक्टर यावा, औषध मिळावे, हे आम्ही शंभर वेळा म्हणू. मनाचे दुखणे हे खरे दुखणे आहे आणि त्याचे औषध घेण्यात लाज नाही; ज्याला जगणे नकोसे वाटते त्याने आजच आपल्या माणसापाशी व दवाखान्यात बोलावे. आमचा झगडा औषधाशी नाही. आमचा झगडा आहे तो औषधाच्या बाटलीआड सावकाराची वही लपवणाऱ्यांशी. मनाची तपासणी करता तर करा. पण त्याच टेबलावर सातबारा, कर्जाचा हप्ता, मालाचा भाव व रोजंदारीचा हिशेबही ठेवा.

म्हणून बंधुभगिनींनो, आमची तुम्हांस एवढीच विनंती आहे. पहिली, स्वतःस नालायक समजू नका. घर चालत नाही, पोरगा मागे पडला, मन खचले, म्हणजे आपल्या रक्तातच खोट आहे असे जे वाटते ते आपले मत नव्हे. ते शेकडो वर्षे आपल्या कानांत ओतलेले आहे. दुसरी, कोणी तुमच्या चिवटपणाची स्तुती करावयास आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. आमच्यावर ओझे किती आहे? ते ठेवले कोणी? आणि आम्ही ते वाहिल्याने फायदा कोणाचा होतो? ह्या तिहींची उत्तरे जो देईल त्याला पाटावर बसवा. जो टाळील त्याला पाणी पाजून वाटेला लावा.

तिसरी विनंती अशी की, मुलांना कणखर करावयाचे असेल तर त्यांना दिलेला शब्द पाळला जाईल असे जग त्यांच्याभोवती उभे करा, आणि ते सरकारकडून मागून घ्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा हुकूम केला. ती रोज दुपारी ठरल्या वेळी येणारी खिचडी मुलाला जे शिकवते ते दहा व्याख्याने शिकवत नाहीत. ती शिकवते की, उद्याही ताट येईल. ती एक दिवस चुकली तरी शाळा समितीत जाऊन विचारा. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह मागा. शिष्यवृत्ती वर्षाच्या आरंभी मागा, अखेरीस नव्हे. मजुरी ठरल्या दिवशी मागा. फडावरील बायकांसाठी दवाखाना, आडोसा व भरपगारी विश्रांती मागा. ही भीक नव्हे, आणि ह्यात मनाची दुर्बलताही नाही. मागणे, पुन्हा मागणे, नाही मिळाले तर चारचौघांनी मिळून मागणे, ह्याला आम्ही खरा चिवटपणा म्हणतो.

बैलाचा खांदा सुजला तर शहाणा शेतकरी बैलाला धीराच्या गोष्टी सांगत बसत नाही. तो आधी जू उतरवतो, मग जू तपासतो. आमच्या खांद्यांसाठी याहून जास्त आम्ही काही मागत नाही, आणि याहून कमी घेऊन गप्प बसणारही नाही.